शोधनिबंध म्हातारा कधी होतो?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आजच्या विषयाची सुरुवात एका रद्दीच्या तागडीपासून करतो.

गोष्ट १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी सहायक ग्रंथपाल होतो. ग्रंथालयाची जागा लहान आणि पुस्तके दरवर्षी वाढणारी. पावसाळ्यात एका भिंतीला ओल यायची, म्हणून तिकडची कपाटे पुढे ओढावी लागत, आणि मग दोन कपाटांमधून आडवे होऊनच जाता येई. जागा करायची तर काहीतरी काढून टाकणे आलेच. आम्हा ग्रंथपालांच्या भाषेत याला निर्लेखन म्हणतात. समिती नेमली गेली. नियम असा ठरला की विज्ञानाच्या नियतकालिकांचे जे बांधीव खंड जुने आहेत आणि ज्यांना दहा वर्षांत कोणी हात लावलेला नाही, ते यादीत घालायचे.

हा दहा वर्षांचा नियम आला कुठून? तो मीच सुचवला होता. ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केलेला, वहीत एक तक्ता उतरवून घेतलेला. त्यात वनस्पतिशास्त्रापुढे लिहिले होते, ‘अर्धायुष्य १० वर्षे’. समितीला तो तक्ता फार पटला. शास्त्रीय आधार मिळाला म्हणून सगळे खूश. यादी करण्याचे कामही ओघानेच माझ्याकडे आले. एका जुन्या संस्थानी संग्रहातून आलेले ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकाचे काही खंड त्या यादीत होते. रद्दीवाल्याने पुठ्ठे वेगळे काढले, कारण पुठ्ठ्याचा भाव वेगळा, आणि कागद तागडीत घातला.

तीन वर्षांनी वनस्पतिशास्त्राच्या एक नव्या प्राध्यापिका आल्या. त्या जिल्ह्यातल्या डोंगरांवरच्या वनस्पतींची नोंद करत होत्या. मला म्हणाल्या, “सर, ब्लॅटर आणि मॅकॅन यांची मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरची लेखमाला तुमच्याकडे असायला हवी. दाखल नोंदवहीत ते खंड दिसताहेत.” मी नोंदवही उघडली. शेवटच्या रकान्यात तांबड्या शाईने ‘निर्लेखित’ असे लिहिलेले होते. अक्षर माझेच होते.

ती लेखमाला १९२६ ते १९३५ या काळात छापली गेली होती. मॅडमना तिची गरज पन्नासाहून अधिक वर्षांनी पडली. त्यासाठी त्यांना रजा काढून मुंबईला जावे लागले. त्या दिवसापासून माझ्या वहीतल्या तक्त्यातला तो दहाचा आकडा मला स्वस्थ बसू देईना. हा आकडा कोणी काढला, कसा काढला आणि तो नेमके काय सांगतो, हे शोधत गेलो. त्या शोधाचीच ही हकिकत.

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. संशोधक जेव्हा निबंध लिहितो, तेव्हा आपण कोणाच्या कामावर उभे आहोत हे तो निबंधाच्या शेवटी सांगतो. अमक्याचा अमुक सालचा निबंध, तमक्याचा तमुक सालचा. ही संदर्भांची यादी म्हणजे एका परीने ऋणांची यादी. कोणाकडून काय घेतले याची कबुली. आता अशा हजारो याद्या एकत्र केल्या आणि प्रत्येक संदर्भाचे साल पाहिले, तर एक चित्र उभे राहते. शास्त्रज्ञ किती मागे वळून पाहतात, याचे ते चित्र.

हे चित्र काढण्याचा एक गाजलेला आरंभीचा प्रयत्न झाला तो एका ग्रंथालयाच्या अडचणीतूनच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पोमोना महाविद्यालयात ग्रॉस आडनावाचे दोघे होते. त्यांच्यापुढचा प्रश्न तुमच्या-माझ्यासारखा होता. महाविद्यालय लहान, पैसा बेताचा. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी कोणती नियतकालिके घ्यावीत, आणि त्यांचे किती जुने खंड विकत घ्यावेत? प्राध्यापकांना विचारावे तर जो तो आपल्या आवडीचे नाव सांगणार. मग त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ सालचा खंड घेतला आणि त्यातले संदर्भ मोजले. ३,६३३ संदर्भ! कोणते नियतकालिक, कोणते साल, असे तक्ते केले. १९२७ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात हे काम प्रसिद्ध झाले. त्यातून दिसले की जर्मन नियतकालिकांवाचून रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याचे चालणार नाही. पण त्याहून महत्त्वाचे हे की, ग्रंथालयाचा निर्णय मोजणी करून घेता येतो, हा धडा त्यातून मिळाला. लक्षात घ्या, या मोजणीचा मूळ हेतू काय घ्यावे हे ठरवण्याचा होता. काय टाकावे हा प्रश्न पुढे आला.

तो पुढे येण्याचे कारण उघड होते. दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञानाचे छापील साहित्य भराभर वाढले आणि कपाटे अपुरी पडू लागली. १९६० मध्ये बर्टन आणि केबलर या दोघांनी एक निबंध लिहिला आणि त्यात ‘अर्धायुष्य’ या कल्पनेला बांधीव रूप दिले. शब्द घेतला होता अणुविज्ञानातून. किरणोत्सारी पदार्थ ठरावीक काळात निम्मा उरतो, त्या काळाला त्याचे अर्धायुष्य म्हणतात. या दोघांनी म्हटले, साहित्याचेही तसेच मोजून पाहू.

मोजायचे कसे? समजा भौतिकशास्त्राच्या ताज्या निबंधांतले शंभर संदर्भ घेतले. ते सालाप्रमाणे ओळीत लावले, नवे आधी, जुने नंतर. मग पहिल्यापासून मोजत पन्नासाव्यापर्यंत गेलो. तिथवर जायला जितकी वर्षे मागे जावे लागले, तितके त्या विषयाचे अर्धायुष्य. बर्टन आणि केबलर यांचे आकडे असे होते. भौतिकशास्त्र ४.६ वर्षे. शरीरक्रियाशास्त्र ७.२. रसायनशास्त्र ८.१. वनस्पतिशास्त्र १०. गणित १०.५. भूशास्त्र ११.८. आणि धातू अभियांत्रिकी अवघी ३.९ वर्षे.

हे आकडे वाचताना मजा वाटते, कारण प्रत्येक विषयाचा स्वभाव त्यात दिसतो. धातूच्या भट्टीतली नवी पद्धत आली की जुनी मागे पडते, म्हणून तिथे घाई. उलट सह्याद्रीतल्या एखाद्या कड्याच्या थरांचे कोणी नीट वर्णन करून ठेवले असेल, तर तो कडा आहे तिथेच आहे आणि ते वर्णनही कामाचे राहते. गणितातले सिद्ध झालेले प्रमेय तर कधी खोटे ठरत नाही.

माझ्या वहीतला दहाचा आकडा होता तो हा. मूळ निबंधाविषयी वाचले तेव्हा कळले की त्या दोघांनीच एक सावधगिरीची सूचना देऊन ठेवली होती. किरणोत्सारी पदार्थ खरोखर झिजतो. निबंध झिजत नाही. तो वापरात नसेल, पण निरुपयोगी झाला असे त्यावरून ठरत नाही. तक्ता प्रसिद्ध झाला, वह्यांत उतरला, परीक्षेत विचारला गेला. सूचना मात्र मागे राहिली. माझ्या वहीतही ती नव्हती.

मग निबंध जुना होतो म्हणजे काय होते? याची कारणे किमान तीन आहेत आणि ती एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत.

पहिले कारण सगळ्यांना सुचते. जुने चुकीचे ठरते किंवा त्याहून चांगले काही येते. अचूक उपकरणाने घेतलेले मोजमाप आले की ढोबळ मोजमाप कोणी वापरत नाही. हे खरेखुरे म्हातारपण.

दुसरे कारण उलट आहे. निबंध इतका यशस्वी होतो की त्याचे नाव घेण्याची गरजच उरत नाही. डीएनए रेणूची दुहेरी सर्पिल रचना वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडली. आज डीएनएवर दरवर्षी असंख्य निबंध निघतात. त्यातला प्रत्येक जण १९५३ च्या त्या निबंधाचा संदर्भ देतो का? मुळीच नाही. ते ज्ञान आता पाठ्यपुस्तकात गेले, सगळ्यांच्या मालकीचे झाले. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याकडे लक्ष वेधले होते. कल्पना विज्ञानात विरघळते आणि विरघळल्यामुळेच तिच्या मूळ निबंधाचे नाव पुसले जाते. साखर दुधात दिसत नाही म्हणून ती नाही असे आपण म्हणत नाही. पण संदर्भ मोजणाऱ्याच्या तक्त्यात असा निबंध ‘जुना झाला’ अशाच खान्यात पडतो.

तिसरे कारण मला सगळ्यांत उशिरा समजले, आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचे आहे. ते आहे गर्दीचे कारण.

त्यासाठी डेरेक डी सोला प्राइस या इंग्रज अभ्यासकाची गोष्ट सांगायला हवी. मूळचा हा भौतिकशास्त्राचा माणूस. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो सिंगापूरच्या रॅफल्स महाविद्यालयात शिकवत होता. तिथे लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाचे खंड आले होते. हे नियतकालिक १६६५ पासूनचे. ग्रंथालयाची इमारत अजून तयार व्हायची होती, म्हणून प्राइस यांनी ते खंड आपल्या घरी नेले आणि दहा-दहा वर्षांच्या चवडी करून भिंतीला लावून ठेवले. रोज ते वाचत. एके दिवशी त्या चवडींच्या उंचीकडे लक्ष गेले. पहिल्या चवडी बुटक्या, पुढच्या थोड्या उंच, शेवटच्या फारच उंच. आलेख काढावा तशी रेघ भिंतीवर उभी होती! पुढे त्यांनी इतर मोजण्या करून दाखवले की विज्ञानाचे साहित्य साधारण दहा ते पंधरा वर्षांत दुप्पट होत आले आहे.

आता याचा आपल्या प्रश्नाशी संबंध पाहा. समजा, साहित्य पंधरा वर्षांत दुप्पट होते. म्हणजे आजवर जितके निबंध लिहिले गेले, त्यातले निम्मे गेल्या पंधरा वर्षांतलेच आहेत. एखाद्याने डोळे मिटून, वय न पाहता, त्या सगळ्या ढिगातून शंभर निबंध उचलले, तरी त्यातले पन्नास पंधरा वर्षांच्या आतलेच निघणार. उचलणाऱ्याच्या मनात जुन्याविषयी आकस नाही. नव्यांची संख्याच मोठी आहे. ज्या गावाची वस्ती पंधरा वर्षांत दुप्पट होते, त्या गावच्या जत्रेत तरुणच जास्त दिसणार. त्यावरून गावातले म्हातारे वारले असे कोणी म्हणू लागला, तर आपण त्याला काय म्हणू?

ब्रिटिश ग्रंथपाल मॉरिस लाइन यांनी १९७० मध्ये हाच मुद्दा मांडला. त्यांनी म्हटले, अर्धायुष्याच्या आकड्यात दोन गोष्टी एकत्र मिसळलेल्या आहेत. एक, साहित्याचे खरे जुने होणे. दुसरी, साहित्याची वाढ. वाढ वजा केल्याशिवाय खरे म्हातारपण कळणार नाही. मी समितीपुढे जो तक्ता ठेवला, त्यात ही वजाबाकी केलेली नव्हती. लाइन यांचा निबंध तेव्हा छापून दहा वर्षे होऊन गेली होती, म्हणजे माझ्याच नियमाने तो जुना झाला होता!

प्राइस यांनी १९६५ मध्ये आणखी एक निरीक्षण नोंदवले. कोणतेही एक वर्ष घेतले, तर अस्तित्वात असलेल्या निबंधांपैकी सुमारे ३५ टक्के निबंधांचा त्या वर्षी एकदाही उल्लेख होत नाही, आणि आणखी ४९ टक्क्यांचा एकदाच होतो. म्हणजे कोणीही नाव न घेणे ही निबंधाच्या आयुष्यातली अगदी सामान्य अवस्था आहे. शेतातल्या विहिरीवरही वर्षातले काही महिने कोणी जात नाही. ती बुजवायची की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

इथपर्यंतची मोजणी हाताने किंवा साध्या यंत्रांनी होत होती. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये कल्पना मांडली की, जसे वकील एखाद्या जुन्या निकालाचा पुढे कुठे कुठे उल्लेख झाला हे शोधतात, तसे विज्ञानातही शोधता यायला हवे. १९६४ पासून त्यांची विज्ञान-संदर्भसूची नियमित निघू लागली. मागे वळून पाहणारी यादी आता पुढेही पाहू लागली. अमुक निबंधाचा कोणी कोणी उल्लेख केला, हे कळू लागले. हे फार उपयोगाचे साधन होते आणि आहे.

त्याच्याच पोटी आणखी एक आकडा जन्मला. नियतकालिकाचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. आज आपल्याकडच्या प्रत्येक प्राध्यापकाला हा शब्द माहीत आहे. एखाद्या नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, तो हा आकडा. इथे ‘दोन वर्षे’ हा शब्द कळीचा आहे. ज्या विषयाचे अर्धायुष्य साडेचार वर्षांचे, त्याला दोन वर्षांत थोडेफार तरी माप मिळते. ज्याचे दहा-बारा वर्षांचे, त्याचे बहुतेक माप या खिडकीच्या बाहेरच राहते. गारफिल्ड यांच्या संस्थेच्या वार्षिक अहवालात नियतकालिकांचे अर्धायुष्यही देत असत. पण अनेक वर्षे ते दहाच्या वर गेले की नेमका आकडा न छापता नुसते ‘दहापेक्षा जास्त’ असे छापत. अकरा वर्षे टिकणारा आणि पन्नास वर्षे टिकणारा, दोघे एकाच खान्यात.

आकडा नियतकालिके निवडण्यासाठी काढलेला होता. पुढे तो माणसे निवडण्यासाठी वापरला जाऊ लागला. नेमणूक, बढती, अनुदान, सगळीकडे. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे काही संपादक एकत्र आले आणि त्यातून निघालेल्या जाहीरनाम्यात म्हटले गेले की, हा आकडा एकेका संशोधकाचे मोल ठरवायला वापरू नये.

वापरल्याने काय बिघडते, हे एका भारतीय निबंधाच्या गोष्टीतून चांगले कळते.

काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे एक मराठी प्राध्यापक होते, विष्णु वासुदेव नारळीकर. मूळचे कोल्हापूरचे. जयंत नारळीकरांचे हे वडील. त्यांच्याकडे १९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा गुजरातचा एक तरुण सापेक्षतावाद शिकायला गेला. त्याच्यापुढे प्रश्न होता ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचा. आइनस्टाइनच्या समीकरणांचे श्वार्त्सशिल्ड यांनी १९१६ मध्ये दिलेले उत्तर प्रसिद्ध होते, पण त्यातला तारा प्रकाश बाहेर टाकतच नाही असे गृहीत होते. खरा तारा तर सतत ऊर्जा फेकतो आणि तेवढे त्याचे वस्तुमान घटते. अशा ताऱ्याभोवतीचे गुरुत्वाकर्षण कसे असेल? वैद्य यांनी याचे नेमके उत्तर काढले. १९४३ मध्ये बंगळूरच्या ‘करंट सायन्स’मध्ये ते छापून आले. महायुद्ध चालू होते, देशात चले जाव चळवळीची धामधूम नुकतीच होऊन गेली होती. आणि मुख्य म्हणजे, त्या उत्तराची कोणालाच गरज नव्हती. आपल्या सूर्यासारख्या ताऱ्याच्या बाबतीत हा फरक इतका बारीक की व्यवहारात तो शून्यच. अर्धायुष्याचा नियम लावला असता, तर १९५० च्या सुमारास हा निबंध निकालात निघाला असता.

१९६३ मध्ये क्वेसार सापडले. आकाशातून अफाट ऊर्जा बाहेर टाकणाऱ्या या वस्तू काय असाव्यात, प्रचंड वस्तुमान स्वतःच्याच भाराने कोसळताना काय होत असेल, असे प्रश्न एकदम पुढे आले. आता ऊर्जा फेकणाऱ्या वस्तूभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित हवे होते, आणि ते तर वीस वर्षांपूर्वीच करून ठेवलेले होते. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या ‘फिजिकल रिव्ह्यू’त तीन शास्त्रज्ञांचा निबंध आला. त्याच्या शीर्षकातच वैद्य यांचे नाव होते. आज जगभर ते ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून ओळखले जाते, आणि कृष्णविवरांच्या अभ्यासात वापरले जाते. १९९९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने मूळ निबंध मुद्दाम पुन्हा छापला. दोन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्याला १९४५ मध्ये काय दिसले असते? जवळजवळ काहीच नाही.

अशी उदाहरणे इतरत्रही आहेत. मेंडेलने वाटाण्यावरचे प्रयोग १८६५ मध्ये ब्रनो गावच्या सभेत वाचले, १८६६ मध्ये छापले. १८८४ मध्ये तो वारला. त्याच्या नियमांचे महत्त्व जगाला कळले १९०० मध्ये. ग्राफाइटपासून ऑक्साइड बनवण्याची एक कृती हमर्स आणि ऑफमन यांनी १९५८ मध्ये छापली. २००४ मध्ये ग्राफीन हा पदार्थ वेगळा करण्यात यश आले आणि त्यानंतर या जुन्या कृतीचे उल्लेख झपाट्याने वाढले. नेदरलँड्समधील लायडनचे अँथनी व्हॅन रान यांनी २००४ मध्ये अशा निबंधांना ‘झोपलेल्या राजकन्या’ म्हटले. २०१५ मध्ये दोन कोटींहून अधिक निबंधांची पाहणी झाली, तेव्हा दिसले की दीर्घकाळ झोपून जागे होणे हा अगदीच विरळा अपवाद नाही.

आता तुम्ही विचाराल, संगणक आल्यावर काय झाले? यावर २००८ मध्ये एक गमतीचा वाद झाला. शिकागोचे जेम्स इव्हान्स यांनी तीन कोटींहून अधिक निबंध तपासून म्हटले की, जुने अंक संगणकावर उपलब्ध झाल्यावर शास्त्रज्ञ उलट नव्याच निबंधांचे उल्लेख अधिक करू लागले, आणि तेही कमी निबंधांचे. कपाटातले खंड चाळताना शेजारचा लेख सहज डोळ्यांखाली जातो. संगणकावर मागितलेले तेवढेच मिळते. त्याच वर्षी कॅनडातल्या लारिव्हिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०० ते २००४ पर्यंतचे साहित्य मोजून सांगितले की, १९६० च्या दशकाच्या मध्यापासून संदर्भांचे वय एकसारखे वाढतच आहे. त्यांना आणखी एक दिसले. दोन्ही महायुद्धांच्या काळात संदर्भांचे वय एकदम वाढले होते. संशोधक सैन्यात किंवा गुप्त कामांत गुंतले, नवे निबंध कमी निघाले, म्हणून मागचे वापरावे लागले. गर्दी ओसरली की म्हातारे दिसू लागतात, तसे. युद्धानंतर निबंधांचा पूर आला आणि वय पुन्हा उतरले. पुढे वाढीचा वेग मंदावला, तसे ते परत चढू लागले. लाइन यांचा मुद्दा शंभर वर्षांच्या मोजणीत दिसून आला. २०१४ मध्ये गूगलच्या अभ्यासकांनीही सांगितले की, २०१३ च्या निबंधांतले ३६ टक्के संदर्भ दहा किंवा अधिक वर्षे जुन्या लेखांचे होते, आणि १९९० पासून हे प्रमाण वाढत आले आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या मुंबईची. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेतली जात होती. निरीक्षक डोळ्यांनी उपकरण वाचायचा आणि आकडा लिहायचा, दिवस असो की रात्र. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यामुळे मोजमापे बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवले गेले. कुलाब्याच्या नोंदी मात्र जपून राहिल्या. त्यातच होती सप्टेंबर १८५९ च्या पहिल्या दोन दिवसांची नोंद. त्या वेळी सूर्यावर मोठा उद्रेक झाला होता, आणि पृथ्वीवर आजवर नोंदले गेलेले एक सर्वांत प्रचंड चुंबकीय वादळ आले होते. तारायंत्रे कोलमडली होती. २००३ मध्ये मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले लाखिना आणि अ‍ॅलेक्स आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी कुलाब्याच्या त्या आकड्यांवरून वादळाची तीव्रता नव्याने काढली. विषुववृत्ताच्या बाजूच्या प्रदेशातली अशी नोंद दुर्मीळ होती. आज उपग्रह आणि विजेची जाळी अशा वादळापासून कशी वाचवायची याचा विचार जगभर होतो, तेव्हा या मुंबईच्या आकड्यांचा उल्लेख हमखास येतो. १४४ वर्षे जुनी नोंद! कुलाब्यातल्या कोणा कारकुनाने मधल्या काळात ‘दहा वर्षांत कोणी हात लावला नाही’ असा शेरा मारला असता तर?

मग काहीच टाकायचे नाही का? तसे मी म्हणणार नाही. ओल येणारी भिंत मी पाहिली आहे. सगळे ठेवणे कोणत्याच ग्रंथालयाला परवडत नाही, आणि पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीच्या दहा प्रती ठेवण्यात अर्थही नाही. पण काढून टाकताना विचारायचा प्रश्न मी तेव्हा चुकीचा विचारला. ‘हे किती वर्षांत कोणी वापरले नाही?’ एवढेच मी विचारले. विचारायला हवे होते ते असे: ही प्रत गेली तर जवळपास दुसरी कुठे आहे का? यात निष्कर्ष आहे की नोंद? निष्कर्ष जुना होऊ शकतो. अमुक डोंगरावर अमुक साली अमुक वनस्पती होती, ही नोंद जुनी होत नाही. उलट डोंगर उघडा पडत जातो तसे तिचे मोल वाढते.

त्या प्राध्यापिका मॅडमनी मुंबईहून परत आल्यावर मला एक शब्दही वावगा ऐकवला नाही. आपल्या जिल्ह्यापुरत्या नोंदी त्यांनी शंभर पानी वहीत हाताने उतरवून आणल्या होत्या. काम झाल्यावर ती वही त्यांनी ग्रंथालयाला दिली. मी तिला पुठ्ठ्याची बांधणी करवून घेतली आणि नवा दाखल क्रमांक दिला. निवृत्त होताना नोंदवही शेवटची पाहिली, तेव्हा तिच्यासमोरचा तो शेवटचा रकाना कोरा होता. माझ्यानंतर आलेल्या ग्रंथपालांना मी एवढेच सांगितले, तो तसाच राहू द्या.